सगळे रिपोर्ट नॉर्मल, पोट मात्र बिघडलेलं

पोटाच्या तक्रारीचं निम्मं निदान रुग्ण स्वतःच करून देतो. कुठं दुखतं, जेवणाआधी की नंतर, कळ येऊन जाते की सतत ठसठसतं, संडासला कसं झालं, शेवटचं कधी झालं, हे डॉक्टर विचारतात आणि त्या उत्तरांवरून सोनोग्राफी हवी की नुसतं मीठ-साखरेचं पाणी पुरे, ते ठरवतात. आता त्या खुर्चीत डिमेन्शिया असलेल्या ७८ वर्षांच्या आजी बसल्या आहेत असं समजा. पोट दुखतं का? नाही. मळमळतं? नाही. जेवलात का? "दोन दिवस झाले, या लोकांनी मला काही खायलाच दिलं नाही." शेजारी बसलेल्या सुनेनं तासाभरापूर्वी त्यांना स्वतःच्या हातानं वरणभात भरवलेला असतो. ती ओशाळते, डॉक्टर समजुतीनं हसतात आणि चिठ्ठीवर एक ॲसिडिटीची, एक गॅसची गोळी उमटते.

ही अडचण आजाराइतकीच जुनी आहे. १९०१ सालच्या नोव्हेंबरात फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ऑगुस्टे डेटर ही ५१ वर्षांची बाई दाखल झाली. तिला तपासणाऱ्या अलॉईस अल्झायमर यांनी केलेल्या नोंदी पुढे हरवल्या आणि १९९५ साली पुन्हा सापडल्या. त्यात दुपारच्या जेवणाचा एक प्रसंग आहे. बाईंच्या ताटात फ्लॉवर आणि डुकराचं मांस होतं. काय खाताय असं विचारल्यावर त्यांनी उत्तर दिलं, पालक. जो माणूस तोंडात काय आहे हे सांगू शकत नाही, तो पोटात काय होतंय हे कसं सांगणार? या बाईंच्या मेंदूवरून अल्झायमर आजाराची ओळख पटली खरी, पण १९०६ साली त्या गेल्या त्या अंथरुणाला खिळून झालेल्या जखमांतून रक्तात पसरलेल्या जंतुसंसर्गानं. डिमेन्शियाच्या रुग्णालाही एक शरीर असतं आणि ते स्वतंत्रपणे आजारी पडतं, ही साधी गोष्ट तेव्हापासून आजपर्यंत वारंवार नजरेआड होत आली आहे.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे. शंभरात सातांहून थोडं जास्त असं हे प्रमाण. यातले बहुतेक जण घरीच असतात आणि त्यांचं हवं-नको बघणारी व्यक्ती म्हणजे बायको, मुलगी, सून किंवा बारा तासांच्या ड्युटीवर येणारी मावशी. त्यांना रोज दिसतं ते असं: महिनाभर अधूनमधून जुलाब, मग चार दिवस काहीच नाही, अन्नावरची वासना गेलेली, जेवताना तोंड घट्ट मिटणं, रात्री कण्हणं. रक्त, लघवी, सोनोग्राफी सगळं ठीक. मग घरात दोनच निष्कर्ष उरतात. एक, वय झालं. दोन, डोक्याचाच आजार आहे, त्यातलंच काहीतरी असणार. दोन्ही निष्कर्ष सोयीचे आहेत आणि अनेकदा चुकीचेही, कारण खरं कारण समोरच असतं. बऱ्याचदा ते गोळ्यांच्या डब्यात असतं.

अल्झायमर या प्रकारच्या डिमेन्शियात मेंदूतलं ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन कमी पडतं. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्माइन, गॅलंटामाइन ही औषधं या रसायनाला मोडणाऱ्या एन्झाइमला अडवतात, म्हणजे उरलंसुरलं ॲसिटिलकोलिन जास्त वेळ टिकतं. पण हेच रसायन आतड्यांची हालचाल आणि जठरात आम्ल पाझरणं या कामांतही असतं. मेंदूसाठी घेतलेली गोळी त्यामुळे आतड्यालाही ढोसते. मळमळ, उलटी, जुलाब, भूक मरणं, वजन घटणं हे या औषधांचे सर्वांत ओळखीचे दुष्परिणाम आहेत. डोनेपेझिल सहसा ५ मिलिग्रॅमनं सुरू होतं आणि चार ते सहा आठवड्यांनी १० मिलिग्रॅमवर नेलं जातं. त्रास मुख्यतः सुरुवातीला आणि डोस वाढवताना होतो. तरीही घरच्यांना हा संबंध लागत नाही, कारण त्यांच्या लेखी ती 'स्मरणशक्तीची गोळी' असते. ती मेंदूच्या डॉक्टरांनी दिली आणि जुलाबासाठी गाठलेत गल्लीच्या कोपऱ्यावरचे फॅमिली डॉक्टर. दोघांच्या चिठ्ठ्या एकमेकींना कधी भेटतच नाहीत.

कॅलेंडर काढून दहाची गोळी कधी सुरू झाली आणि पोट कधी बिघडलं, एवढं ताडून पाहिलं तरी पुष्कळदा उलगडा होतो. त्यावर उपायही आहेत. डोस खाली आणता येतो, गोळी रिकाम्या पोटी न देता जेवणाबरोबर देता येते, किंवा रिव्हास्टिग्माइनचा कातडीवर चिकटवायचा पॅच वापरता येतो. कॅप्सूलपेक्षा पॅचनं पोटाचा त्रास बराच कमी होतो. मात्र हे सारं डॉक्टरांना विचारून. गोळी आपल्या मनानं एकदम तोडली तर विस्मरण आणि गोंधळ अचानक वाढू शकतो.

यापुढची गंमत, गंमत म्हणवत नाही इतकी गंभीर आहे. जुलाबाबरोबर मुरडा येतो म्हणून आजींना पोटदुखीची गोळी दिली जाते. आपल्याकडे औषधाच्या दुकानात सहज मिळणाऱ्या या गोळ्यांपैकी अनेकींमध्ये डायसायक्लोमाइन असतं. ते ॲसिटिलकोलिनचं काम थांबवतं. सकाळची गोळी जे वाढवायला घेतली, दुपारची गोळी तेच दाबून टाकते. मुरडा थांबतो, पण तोंड कोरडं पडतं, संडास तुंबते, लघवी अडते आणि आधीच भांबावलेला माणूस आणखी भांबावतो. अमेरिकेत मार्क बीअर्स यांनी १९९१ साली वृद्धांसाठी टाळाव्यात अशा औषधांची यादी केली. ती आजही नव्यानं सुधारली जाते आणि डायसायक्लोमाइन तिच्यात आहे. सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन आणि झोपेसाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठी दिलं जाणारं ॲमिट्रिप्टिलिन हीसुद्धा त्याच जातीची. एका औषधाचा दुष्परिणाम नवा आजार समजून त्यावर दुसरं औषध, मग दुसऱ्याचा दुष्परिणाम आवरायला तिसरं, या साखळीकडे पॉला रोशन आणि जेरी गुरविट्झ यांनी १९९७ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये लक्ष वेधलं होतं. आपल्याकडे अशी साखळी पाहायला मोठ्या हॉस्पिटलात जावं लागत नाही. कुठल्याही घरातला फ्रीजवरचा प्लास्टिकचा डबा उघडावा.

याच डब्यात 'गॅसची गोळी' म्हणून एक पाहुणी असते. तिची वेगळी दखल घ्यायला हवी, कारण भारतात ती फार सढळ हातानं लिहिली जाते. पँटोप्रॅझोल किंवा राबेप्रॅझोल आणि त्याच्या जोडीला लेव्होसल्पिराइड. ॲसिडिटी कमी होते, जठर लवकर रिकामं होतं, ढेकरा थांबतात, म्हणून ती महिनोन्‌महिने चालू राहते. पण लेव्होसल्पिराइड मेंदूतल्या डोपामिनचं काम अडवतं. त्यामुळे म्हाताऱ्या माणसात हात थरथरणं, अंग ताठरणं, पाय घासत चालणं अशी हुबेहूब पार्किन्सनसारखी लक्षणं उभी राहू शकतात. अमेरिकेत या औषधाला मान्यताच नाही. उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइडही याच पठडीतलं. आता काही रुग्णांचा डिमेन्शिया हा मुळात पार्किन्सनशी किंवा त्याच्या सख्ख्या भावाशी, लेवी बॉडी डिमेन्शियाशी, निगडित असतो. या आजारांत आतड्यांच्या नसाही बाधित होतात. बद्धकोष्ठता तर कंप सुरू व्हायच्या कित्येक वर्षं आधी सुरू झालेली असू शकते. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली लिहिलेल्या मूळ निबंधातसुद्धा तुंबलेल्या पोटाची नोंद आहे. म्हणजे ज्या रुग्णांचं जठर आजारामुळेच मंदावलेलं असतं, नेमकी त्यांनाच ही 'गॅसची गोळी' मिळण्याची शक्यता अधिक, आणि तिनं सर्वांत जास्त बिघडण्याचीही. 'गेल्या दोन महिन्यांत आजार झपाट्यानं वाढला' असं घरचे सांगतात तेव्हा आजार कितीसा वाढला आणि गोळी किती वाढली, हे तपासायलाच हवं.

बाकीच्या मंडळींची ओळख थोडक्यात. मधुमेहाच्या मेटफॉर्मिननं जुलाब होतात, आणि कधीकधी वर्षानुवर्षं सुखानं घेतल्यानंतरही ते सुरू होतात. शिवाय दीर्घकाळ घेतल्यास बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं आणि त्या कमतरतेनं स्मरणशक्तीवर परिणाम होतो. लोह, कॅल्शियम, ट्रॅमाडॉल आणि मेमँटिननं पोट तुंबू शकतं. सांधेदुखीच्या गोळ्यांनी जठराला जखमा होतात. चूर्ण आणि काढे तर कोणी औषधांत धरतच नाही, पण पोट साफ करणाऱ्या बऱ्याच चूर्णांत सोनामुखी असते आणि ती रोज घेतली की जुलाबाचं कारण वेगळं शोधायला नको. एक कारण तर निव्वळ विस्मरणाचं: घेतलेली गोळी विसरून पुन्हा घेतलेली असते.

डब्यानंतर झडती घ्यायची ती बद्धकोष्ठतेची. तिचं सोंग इतकं बेमालूम असतं की अनुभवी माणसंही फसतात. आजोबांना चार दिवस जुलाब होताहेत, कपडे खराब होताहेत, डायपर बदलून मावशी वैतागली आहे. म्हणून जुलाब थांबवणारी लोपेरामाइडची गोळी दिली जाते. प्रत्यक्षात झालेलं असतं ते असं: मळाचा कठीण गोळा गुदाशयात अडकून बसलेला असतो आणि वरचा पातळ मळ त्याच्या कडेनं झिरपत बाहेर येत असतो. ओढ्यात दरड कोसळली तरी पाणी बाजूनं वाट काढतं, तसं. दिसतात जुलाब, असते बद्धकोष्ठता. लोपेरामाइडनं ती आणखी घट्ट होते. निदानाला एमआरआय लागत नाही. हातमोजा घातलेलं डॉक्टरांचं बोट आणि दोन मिनिटं पुरतात. पण संकोचापायी किंवा घाईपायी नेमकी हीच तपासणी राहून जाते आणि हजारो रुपयांच्या चाचण्या होतात. कुटुंबानं ती स्वतःहून मागायला काहीच हरकत नाही. लाजायचं कारण तर अजिबात नाही.

पोट इतकं का तुंबतं? म्हातारपणी तहान कमी लागते आणि डिमेन्शियात पाणी मागायचं सुचत नाही. त्यात रात्री अंथरूण ओलं होतं म्हणून घरातलेच संध्याकाळनंतर पाणी तोडतात. हालचाल थांबलेली असते. दात नसल्यानं भाकरी-भाजीऐवजी बिस्किट, साबुदाण्याची खीर आणि मऊ भात यांवर भागवलं जातं. संडासची जागा विसरली जाते. गुडघ्यांमुळे खाली बसवत नाही, आणि कमोडवर बसवलं तर पाय लोंबकळतात, जोर करता येत नाही. पायांखाली छोटा पाट ठेवला तर यातला शेवटचा प्रश्न बराच सुटतो. सकाळच्या चहानंतर किंवा न्याहारीनंतर रोज ठरावीक वेळी, घाई न करता बसवणं हे कुठल्याही चूर्णापेक्षा वरचढ ठरतं, कारण खाल्ल्यावर आतडी आपोआप हलतात. इसबगोलाबद्दल मात्र सावध राहावं. ते पाणी शोषून फुगतं. पेलाभर पाण्याबरोबर घेतलं तर काम करतं, पण दोन घोटांवर उरकणाऱ्या माणसाच्या पोटात तेच बोळा होऊन बसू शकतं. अशांना लॅक्ट्युलोजसारखं पातळ औषध बरं की ग्लिसरीनची कांडी, हे डॉक्टर ठरवतील.

आता दुखण्याकडे. डिमेन्शियाच्या पुढच्या टप्प्यात माणूस 'दुखतंय' म्हणत नाही. तो हात झिडकारतो, ताट ढकलतो, आंघोळीला नेताना ओरडतो, पाय पोटाशी घेऊन पडून राहतो. याला घरात 'चिडचिड' म्हणतात आणि चिडचिडीवर झोपेची गोळी मिळते. नॉर्वेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १८ शुश्रूषागृहांतले डिमेन्शियाचे ३५२ रुग्ण घेतले होते, सगळे अस्वस्थ आणि आक्रमक म्हणून नोंदलेले. निम्म्या विभागांत नेहमीचे उपचार चालू ठेवले, बाकीच्यांत आठ आठवडे पायरीपायरीनं वेदनाशामक दिलं, आणि त्यातल्या बहुतेकांना ते साधं पॅरासिटामॉलच होतं. वेदनाशामक मिळालेल्यांची अस्वस्थता सरासरी १७ टक्क्यांनी घटली. म्हणजे 'स्वभाव' म्हणून जे खपवलं जात होतं, त्यात वेदनेचा वाटा होता. न सांगितलेली वेदना ओळखायला अनेक ठिकाणी 'पेनॅड' नावाची साधी पट्टी वापरतात. २००३ साली तयार झालेल्या या पट्टीत पाचच गोष्टी बघायच्या: श्वास, तोंडातून येणारे आवाज, चेहरा, अंगाची ठेवण, आणि समजूत काढल्यावर माणूस शांत होतो का. प्रत्येकीला शून्य ते दोन गुण. घरच्या माणसाला ही पट्टी वापरायला प्रशिक्षण लागतं असंही नाही, कारण रोजचा चेहरा त्याला पाठ असतो.

तोंड उघडून बघायचं मात्र सगळेच विसरतात. सैल कवळी, हिरडीला पडलेली जखम, जिभेवरचा पांढरा बुरशीचा थर यांपैकी काहीही असलं तरी माणूस जेवण नाकारतो आणि तपासलं जातं ते पोट. दूध हा दुसरा चकवा. मोठेपणी दुधातली साखर न पचणारे लोक आपल्या देशात भरपूर आहेत. अशक्तपणा आला म्हणून दिवसातून तीनदा दुधातून प्रोटीन पावडर सुरू केली की पोट फुगणारच. गादीखाली दडवलेला आठवड्याचा जुना लाडू, जेवलो नाही म्हणून दुसऱ्यांदा झालेलं जेवण, आणि फ्रंटोटेम्पोरल प्रकारच्या डिमेन्शियात गोडाचा सुटणारा हव्यास किंवा चक्क साबण-कागद तोंडात घालणं, हे सगळं कुठल्याच रिपोर्टात उमटत नाही.

काही खुणा दिसल्या तर मात्र कारणं शोधत न बसता थेट हॉस्पिटल गाठायचं. डांबरासारखी काळी चिकट शी (लोहाच्या गोळ्या चालू नसताना), कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, पोट टम्म फुगून वायूही न सरणं, सात-आठ तास लघवी न होणं, किंवा काल ओळखणारा माणूस आज एकदम ग्लानीत जाणं. शेवटच्या गोष्टीला डिमेन्शियाचा वेग म्हणून सोडून देऊ नये. तासा-दिवसांत होणारा बदल हा बहुधा जंतुसंसर्ग, पाणी कमी होणं, तुंबलेलं पोट किंवा औषध यांतून आलेला असतो आणि त्यावर इलाज असतो. वृद्धांच्या पोटात अपेंडिक्स फुटलं तरी ताप आणि पोटाचा ताठरपणा नसू शकतो. मधुमेह असलेल्या वृद्धाला घाम फुटून मळमळ, उलटी आणि वरच्या पोटात दुखणं सुरू झालं तर आधी ईसीजी, मग ॲसिडिटीची गोळी. हृदयविकाराचा झटका 'गॅस' समजून घरात घालवलेली रात्र परत मिळत नाही.

उलट बाजूही आहे. प्रत्येक तक्रारीला दुर्बीण हवीच असं नाही. कोलोनोस्कोपीच्या आदल्या रात्री लिटर-लिटर औषधी पाणी प्यायचं असतं. का प्यायचं हे ज्याला कळत नाही अशा अशक्त माणसाला त्यातून पाणी कमी पडण्याचा आणि भ्रमिष्टपणाचा धोका असतो. कॅन्सर सापडला तर शस्त्रक्रिया करणार आहोत का, हा प्रश्न तपासणीच्या आधी विचारायचा, नंतर नाही. तोच न्याय नळीचा. प्रगत डिमेन्शियात पोटात कायमची नळी घालून अन्न देण्यापेक्षा हातानं सावकाश भरवावं, अशी शिफारस अमेरिकेच्या वृद्धरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१४ साली केली आहे. नळीनं आयुष्य वाढतं किंवा अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका टळतो, असा पुरावा मिळालेला नाही. घोट-घोट, घास-घास भरवण्यात तास जातो, हे खरं. त्यासाठी घरात माणूस लागतो, हेही खरं. तो भार एकट्या सुनेवर टाकून बाकीच्यांनी फोनवरून सल्ले देऊ नयेत, एवढं तरी पाळता येईल.

घरच्यांच्या हातात एक स्वस्त साधन आहे: शंभर पानी वही. रोज काय खाल्लं, पाणी किती प्यायलं, संडासला कितीदा आणि कशी झाली, चिडचिड किती वाजता, कुठली गोळी नवी लागली किंवा वाढली. शी कशी झाली हे लिहायला शब्द सुचत नसतील तर ब्रिस्टलच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेला सात चित्रांचा तक्ता आहे. एक नंबर म्हणजे शेळीच्या लेंड्यांसारखे खडे, सात म्हणजे निव्वळ पाणी. 'तीन दिवस काही नाही, मग दोनदा सात नंबर' एवढं एक वाक्य वाचून जाणकार डॉक्टर हातमोजा मागवतील.

पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना ही वही आणि घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी बरोबर न्या. न्यूरोच्या, शुगरच्या, दुकानातून आणलेल्या, चूर्णाच्या डबीसकट. पिशवी टेबलावर ओता. आणि पोटाला हात न लावताच आणखी एक गोळी लिहिली जात असेल, तर आधीच्यांपैकी कोणती बंद करता येईल, हे नम्रपणे पण नक्की विचारा.